उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह

गल्लीतले लोक त्याला अंगठेबहाद्दर म्हणायचे. त्याला लिहितावाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. पेपर तो शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि वर बायकोलाही ऐकवायचा, तिला नको असला तरी. पण इंजिनाची तब्येत तो अंगठ्याने बघायचा, म्हणून हे नाव. ठिणगी पाडणारा प्लग काढायचा, त्या भोकावर उजवा अंगठा दाबून धरायचा आणि गाडीवाल्याला सांगायचा, "फिरव हळूहळू." गाडीवाला चाकाच्या बाजूने पाना लावून इंजिन हाताने फिरवायचा. पिस्टन खाली गेला की अंगठा आत ओढला जातो, वर आला की आतली हवा अंगठ्याला बाहेर ढकलते. ती कधी ढकलायला लागली, किती जोरात ढकलली, मध्येच कुठे फुसफुसली का, एवढ्यावरून मिस्त्री डोळे मिटून सांगायचा: रिंगा गेल्यात, नाहीतर व्हॉल्व्ह जळलाय, नाहीतर टायमिंगची चेन एक दात सरकलीय. उघडून बघितलं की तसंच निघायचं. अडतीस वर्षांत त्याने एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागलं नव्हतं. हे तो स्वतः बोलून दाखवत नसे, पण दुसऱ्या कुणी बोलून दाखवलं तर त्याला अडवतही नसे.

आता तो एकसष्ट वर्षांचा होता आणि दमला होता. कामाने दमला असता तर ठीक होतं, रात्री झोप तरी लागली असती. तो दमला होता बसून. नव्या गाड्या कंपनीच्या काचेच्या वर्कशॉपमध्ये जायच्या, तिथे म्हणे गाडीला वायर जोडली की ती स्वतःच सांगते काय दुखतंय. त्याच्याकडे यायचे ते जुने टेम्पो, पाण्याचे पंप, आणि बेकरीची एक व्हॅन, जी दुरुस्त करण्यापेक्षा तिला निरोप देणं जास्त माणुसकीचं झालं असतं. सकाळी शटर वर करायचं म्हणजे आधी खांद्याची परवानगी घ्यावी लागायची. मग पत्र्याच्या स्टुलावर बसायचं, समोरच्या पेट्रोल पंपाकडे बघायचं, आणि कुणाच्या इंजिनाचा आवाज कसा येतोय ते ऐकायचं. चुकीचा आवाज आला की त्याची मान आपोआप वळायची. गाडी मात्र त्याच्याकडे वळायची नाही.

त्याच्या आठवड्यात वाट बघण्यासारखा एकच वार होता, शुक्रवार. शुक्रवारी सकाळी छोटी पंपावर यायची.

छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. बावन्न वर्षांची, चष्मा लागलेली, गुडघे कुरकुरणारी, तरी छोटीच. नवरा गेल्यावर तिने कपड्यांच्या कारखान्यातली शिलाई सोडली आणि टॅक्सी चालवायला घेतली. गाडी चालवायला तिला दादानेच शिकवलं होतं, तेव्हा तिने एका भिंतीला आणि एका डॉक्टरच्या स्कूटरला धडक दिली होती, आणि दोन्ही वेळा चूक भिंतीची आणि डॉक्टरची असल्याचं दादाने शपथेवर सांगितलं होतं. आता सहा वर्षं ती टॅक्सी चालवत होती. शुक्रवारी टाकी भरायची, निघताना दोनदा हॉर्न वाजवायची, खिडकीतून हात हलवायची. मिस्त्रीही स्टुलावरून हात हलवायचा. दोघांपैकी कुणीही रस्ता ओलांडत नसे, तशी गरज पडली नव्हती.

जुनी टॅक्सी अगदीच मोडकळीला आली तेव्हा तिने एक वापरलेली गाडी घेतली, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालणारी. गाडी पेट्रोल फार कमी प्यायची. एक टाकी भरली की शुक्रवार ते शुक्रवार निवांत. फक्त चार माणसं बसवून चढ चढायला लागली की धाप लागायची. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तिने दाखवली, तर तिथल्या माणसाने वायर जोडून बघितलं आणि सांगितलं, इंजिनात काही बिघाड नाही, ही इंजिनं अशीच असतात. छोटीला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ती गाडी घेऊन सरळ भावाकडे आली.

"अशीच असतात म्हणजे काय?" मिस्त्री म्हणाला. "डॉक्टरने पेशंटला सांगायचं, तू असाच असतोस?"

"मी तेच म्हटलं," छोटी म्हणाली. "तू बघ ना एकदा, दादा."

त्याने प्लग काढले, पुढचं चाक काढलं, बहिणीच्या हातात पाना दिला आणि भोकावर अंगठा ठेवला. छोटीने फिरवायला सुरुवात केली. अंगठा आत ओढला गेला, हे बरोबर. मग पिस्टन तळाला जाऊन वर निघाला आणि अंगठ्याला काहीच लागेना. पिस्टन वर येतोय आणि हवा गुपचूप आल्या वाटेने परत चाललीय. बऱ्याच वेळाने, पिस्टन चांगला वर आल्यावर, मग कुठे अंगठ्याला धक्का बसला, आणि तोही मुळमुळीत. त्याने परत फिरवायला लावलं. परत तेच. चारही भोकांवर तेच.

"हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतोय," तो म्हणाला. "पिस्टन दाबायला लागतो तरी हा दार उघडं टाकून बसलेला. अर्धी हवा परत जाते, मग चढावर जोर कुठून येणार? कुणीतरी चेन एक दात चुकीची बसवलीय."

हे बोलताना त्याचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला होता. छोटी त्याच्याकडे बघत होती.

दोन दिवस खपून त्याने, व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणाऱ्या त्या चेनवरचं झाकण उघडलं. आत कंपनीने करून ठेवलेल्या खुणा होत्या, चेनवरची खूण दातेरी चाकावरच्या खुणेसमोर यायला हवी, आणि ती अगदी नाकासमोर आलेली होती. इथे दुसरा कुणी असता तर थबकला असता. मिस्त्री थबकला नाही. अडतीस वर्षं ज्या अंगठ्याने भाकरी दिली, त्याचं ऐकायचं की रंगाच्या ठिपक्याचं? खुणाही माणसंच करतात, आणि माणसं सोमवारी सकाळी काय काय करतात ते त्याला ठाऊक होतं. त्याने चेन एक दात पुढे घेतली. परत अंगठा लावला, तर आता धक्का अगदी वेळेवर आला आणि असा सणसणीत, की अंगठा मागे फेकला गेला. त्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

गाडी सुरू केल्यावर समोर एक नारिंगी दिवा लागला, छोट्याशा इंजिनाचं चित्र असलेला. मिस्त्रीने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला.

"हे दिवे म्हणजे माणसाला घाबरवून कंपनीकडे बोलवायची सोय," तो म्हणाला. "लक्ष देऊ नकोस."

छोटीने लक्ष दिलं नाही. गाडी त्या दिवशी चढ झपाट्याने चढली. तिने वरून फोन करून सांगितलं, आणि मिस्त्री संध्याकाळी घरी जाताना शीळ घालत गेला. बायकोने दार उघडलं तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली, कारण हा आवाज तिने बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. पुढचे सहा आठवडे तो रोज शटर वेळेवर उघडत होता. भेटेल त्याला सांगत होता, कंपनीने हात टेकले, शेवटी मीच.

आणि मग एका मंगळवारी त्याला बेकरीच्या व्हॅनसाठी एक जुना पार्ट आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. एका सिग्नलला बस थांबली, तर डाव्या हाताला पेट्रोल पंप, आणि पंपावर छोटीची टॅक्सी. छोटी बाहेर उभी होती. पेट्रोल भरणारा माणूस तिच्याशी ओळखीच्या माणसाशी बोलतात तसा बोलत होता. मिस्त्रीने हात वर केला, पण सिग्नल सुटला.

त्याला पहिल्यांदा बरंच वाटलं, की धंदा चांगला चाललाय वाटतं, जास्त फेऱ्या होतायत. पण शुक्रवारी नेहमीच्या वेळी ती समोरच्या पंपावर आली, टाकी भरली, दोनदा हॉर्न वाजवला आणि हात हलवला. नेहमीसारखाच. मिस्त्रीचा हात अर्धा वर जाऊन थांबला. मंगळवारी पेट्रोल भरलं तर शुक्रवारी परत का भरते? आणि मंगळवारी एवढ्या लांब जाऊन का भरते?

आणखी एक गोष्ट त्याला स्टुलावर बसल्या बसल्या उमगली. या सहा आठवड्यांत त्याने त्या गाडीच्या इंजिनाचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. गल्लीत शिरताना ती नेहमी बॅटरीवर, मुकाट्याने यायची आणि मुकाट्याने जायची. गाडीत तसं बटण होतं. तो समजत होता, ती पेट्रोल वाचवतेय.

पुढच्या शुक्रवारी त्याने तिला हाक मारून बोलावलं. "चावी दे. एक फेरी मारून येतो."

"कशाला, दादा? मस्त चाललीय."

"मस्त चाललीय तर मस्त चालवतो."

छोटीने चावी दिली. तिचा चेहरा बघून त्याला उत्तर तिथेच मिळालं होतं, पण तो चढापर्यंत गेला. गाडी सुरू करताच रेडिओ कानठळ्या बसतील इतक्या मोठ्याने लागला. त्याने तो बंद केला. चढ लागला, इंजिनावर भार आला आणि आतून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. खड खड खड. हे नॉकिंग त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांत शेकडो वेळा ऐकलं होतं. ठिणगी पडून जाळ पसरत असताना, फार दाबलेलं पेट्रोल एका कोपऱ्यात आपणहूनच भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसल्यासारखे बसतात. असं दोन-चार महिने चाललं की पिस्टनला भोक पडतं आणि टॅक्सी कायमची उभी राहते. ते वाचवायला गाडी ठिणगी उशिरा टाकत होती, म्हणून जोर जात होता, आणि तेवढाच जोर काढायला पेट्रोल जास्त पीत होती. चिकटपट्टीच्या काळ्या तुकड्याखालून दिव्याची एक बारीक नारिंगी कड दिसत होती. इतके आठवडे तो दिवा हेच सांगत होता आणि त्याचं तोंड मिस्त्रीनेच बंद केलं होतं.

परत येऊन तो म्हणाला, "गाडी दोन दिवस ठेव. तेल बदलतो."

"बरं," छोटी म्हणाली. तिने काहीच विचारलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

आता खरी पंचाईत अशी होती, की चूक झाली हे कानाला कळलं होतं, पण अंगठ्याला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने प्लग काढले, स्वतःच वाकून पाना फिरवला, अंगठा लावला. धक्का वेळेवर, सणसणीत. अंगठा म्हणत होता, यापेक्षा छान इंजिन तू बघितलं नाहीस. मिस्त्रीने गाडीच्या पुढच्या कडेवर कोपरं टेकली. त्याची कंबर दुखत होती. एवढी वर्षं ज्याच्या भरवशावर काढली त्याच्यावरच शंका घ्यायची, तर मग आपल्याकडे उरलं काय, असं त्याला वाटलं.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिने त्याचा चेहरा बघितला आणि डबा उघडलाच नाही.

"अहो, काय झालं?"

"इंजिन बरोबर आहे आणि बरोबर नाही," तो म्हणाला.

"मग आत काहीतरी वेगळं असेल," ती म्हणाली. "तुम्ही बाहेरून अंगठा लावता. आत भांडं केवढंय ते कुठे कळतं त्याला?"

ती सहज बोलली होती. पण मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला, आणि मग तिच्या पर्समध्ये तिच्या औषधाची एक मोठी प्लास्टिकची सिरिंज असते, सुई नसलेली, ती त्याने मागून घेतली. ही आता परत मिळत नाही हे तिने ओळखलं.

त्याने पिस्टन अगदी वर आणून ठेवला आणि प्लगच्या भोकातून सिरिंजने मोजून मोजून तेल सोडलं. पिस्टन वर असताना डोक्यावर जी पोकळी उरते, तिच्यात सगळी हवा दाबून बसवायची असते. एवढ्या जाडीच्या सिलिंडरला त्याच्या अंदाजाने पन्नास-पंचावन्न मिली तेल मावायला हवं होतं. सदतीस मिलीला तेल काठोकाठ आलं. त्याने ते ओढून काढलं, दुसऱ्या भोकात बघितलं. सदतीस. तिसऱ्यात, मग चौथ्यात बघितलं. सदतीस.

चुकून चारी भांडी सारखी लहान होत नाहीत. ज्याने इंजिन बनवलं त्याने मुद्दाम भांडं लहान ठेवलं होतं. एवढ्या लहान भांड्यात सिलिंडरभर हवा कोंबली तर नॉकिंग होणारच, हे काय त्या माणसाला कळत नव्हतं? कळत होतं. म्हणूनच त्याने व्हॉल्व्ह उशिरा मिटवला होता. घेतलेली थोडी हवा परत जाऊ द्यायची, उरलेली तेवढीच दाबायची.

पण मग भांडं लहान ठेवलंच कशाला? यावर मिस्त्रीने डबा उघडून, दोन घास खाऊन, पुन्हा बंद करून विचार केला. आणि त्याला आठवला तो सायलेन्सर. साध्या इंजिनात पिस्टन जेवढं अंतर वर येऊन हवा दाबतो, तेवढंच अंतर जाळ त्याला खाली ढकलतो. पण तळ येतो तेव्हा त्या जाळातला दम संपलेला नसतो. अजून ढकलायची ताकद असते, आणि तेवढ्यात बाहेरचा व्हॉल्व्ह उघडून ती ताकद धाडकन बाहेर फेकली जाते. सायलेन्सर लावायचा तो त्या फुकट गेलेल्या ताकदीचा आरडाओरडा झाकायला. या गाडीत मात्र दाबण्याचं अंतर कमी होतं आणि ढकलण्याचं पूर्ण होतं. थोडंच घ्यायचं, पण घेतलेल्यातलं शेवटच्या टोकापर्यंत वापरायचं. गाडी पहिल्या दिवशी आली तेव्हा त्याने सवयीने सायलेन्सरमागे हात धरला होता. झुळूक आली होती नुसती, कोमट. तो मनात म्हणाला होता, इंजिन मेलंय. ते मेलेलं नव्हतं, ते काहीच फुकट घालवत नव्हतं. चढावर कमी पडणारा जोर बॅटरीच्या मोटरने पुरवायचा होता, म्हणून तर ती मोटर दिली होती.

"अशीच असतात," त्या कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. समजावून सांगायचे कष्ट त्याने घेतले नव्हते, पण खोटंही बोलला नव्हता.

मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त त्याला थकवा आला, कारण आता झाकण पुन्हा उघडायचं होतं आणि हे छोटीला सांगायचं होतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. चेन गुपचूप मागे घ्यायची, तेल बदललं म्हणायचं. गल्लीत नाव तसंच राहिलं असतं. छोटीने तर काहीच विचारलं नसतं, तिचं ते आधीच ठरलेलं दिसत होतं. पण मग दर शुक्रवारी ती हात हलवणार, आपण हलवणार, आणि दोघांनाही माहीत असणार. तेवढं सहन करायची ताकद आपल्यात नाही, हे त्याला कळलं.

गाडीच्या कप्प्यात मालकाने वाचायचं पुस्तक होतं, अजून प्लास्टिकमध्येच. व्हॉल्व्हबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पण चढावर जोर कमी वाटत असेल तर मागच्या सीटखालची जाळी तपासा, असं एक साधं वाक्य होतं. त्याने सीट उचलली. बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी धुळीने आणि लोकरीच्या गुंत्याने अशी बुजली होती, की तिच्यातून डासही गेला नसता. बॅटरी तापत होती आणि तापली की मदत करणं बंद करत होती. छोटीची सगळी तक्रार एवढीच होती. जुन्या दातांच्या ब्रशने ती जाळी साफ करायला त्याला दहा मिनिटं लागली.

रविवारी दुपारी त्याने तिला बोलावलं. चेनवरचं झाकण उघडं होतं, खुणा पुन्हा समोरासमोर आल्या होत्या. छोटी आली आणि उघडं इंजिन बघून दारातच थांबली.

"तेल बदलायला एवढं उघडावं लागतं?" ती हळूच म्हणाली.

"इकडे ये. अंगठा दे."

"माझा?"

"तुझाच. माझ्या अंगठ्याने पुष्कळ शहाणपण केलंय."

त्याने तिचा अंगठा भोकावर ठेवला आणि स्वतः पाना घेऊन खाली बसला. त्याचे गुडघे वाजले. तो हळूहळू फिरवायला लागला.

"आत ओढतंय," छोटी म्हणाली.

"बरोबर. आता पिस्टन वर निघाला. काय लागतंय?"

"काही नाही." ती थांबली. "अजून काही नाही. हां, आता लागला. आता ढकलतंय."

"उशिरा ना?"

"उशिरा."

"उशिराच यायला हवं," मिस्त्री खालूनच म्हणाला, कारण तिच्या तोंडाकडे बघत हे बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं. "ते इंजिन असंच बनवलेलं आहे. थोडं घेतं आणि सगळं वापरतं. बिघाड त्यात नव्हता, मी केला. छोटे, मी चुकलो. तुझं इंजिन बरबाद करायच्या बेतात होतो मी."

त्याने मान वर केली. छोटीचा अंगठा अजून भोकावरच होता आणि ती रडत होती, चष्म्याच्या खालून, आवाज न करता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात टाकी मंगळवारी संपली. कंपनीच्या त्या माणसाला फोन केला मी. तो म्हणाला, कुणी टायमिंगला हात लावलाय का? मी म्हटलं, नाही."

"आणि सात-आठ आठवडे तशीच चालवलीस? पिस्टन फुटला असता. काय केलं असतंस मग?"

"ते नाही सुचलं मला."

"मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"वहिनी म्हणाली, तू शीळ घालत घरी येतोस," छोटी म्हणाली. "मग कसं सांगणार होते?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. अडतीस वर्षांच्या नावापेक्षा हे भारी होतं, आणि त्याला ते उचलवत नव्हतं. बहिणीने आपली रोजीरोटी पणाला लावून त्याची शीळ सांभाळली होती. त्याने तिच्यावर रागावून बघायचा प्रयत्न केला, पण राग येईना.

झाकण बसवायला त्याला संध्याकाळ झाली. शेवटी त्याने नखाने काळी चिकटपट्टी खरवडून काढली. खालचा दिवा लागलेला होता. गाडी दोन-तीन दिवस चालली की तो आपोआप जाईल, त्याने तिला सांगितलं, आणि नाही गेला तर तू सरळ कंपनीत जा, माझ्याकडे येऊ नकोस. छोटीने मान डोलावली.

सोमवारी तो शटर उघडायला उशिराच गेला. शीळ वगैरे काही नव्हती. शेजारच्या टायरवाल्याने विचारलं, "काय अंगठेबहाद्दर, बहिणीची गाडी परत का उघडली?" मिस्त्री म्हणाला, "मी चूक केली होती म्हणून." टायरवाला हसला, कारण त्याला वाटलं मिस्त्री थट्टा करतोय. मिस्त्रीने त्याला पुन्हा सांगितलं. मग टायरवाला हसला नाही, आणि दोघंही आपापल्या स्टुलावर जाऊन बसले.

शुक्रवारी सकाळी छोटी पंपावर आली. टाकी भरायच्या आधीच तिने दोनदा हॉर्न वाजवला आणि खिडकीतून हात हलवला. मिस्त्री स्टुलावरून तो हात बघत होता. हात अगदी तसाच होता, गेल्या शुक्रवारसारखा, त्याच्या आधीच्या शुक्रवारसारखा. खऱ्या हातात आणि खोट्या हातात इतक्या लांबून काहीच फरक दिसत नव्हता. म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदा तो उठला आणि रस्ता ओलांडून पंपावर गेला.

छोटीने काच खाली केली. तो काही विचारायच्या आत तिने अंग मागे घेतलं आणि समोरचा काटा दाखवला. काटा अजून पाव टाकीच्या जरा वर टेकला होता. नारिंगी दिवा गेला होता.

"मंगळवारी?" मिस्त्रीने विचारलं.

"मंगळवारी कुठेच नाही भरलं, दादा. हे मागच्या आठवड्याचंच आहे. बघ."

तो मागे गेला. गाडी बंद होती, पण त्याने तिला इंजिन चालू करायला लावलं, पंपावरचा माणूस नको नको म्हणत असताना सुद्धा. मग तो वाकला आणि सायलेन्सरमागे हात धरला. कोमट झुळूक तळव्याला लागून गेली. तो कंबर धरून सरळ झाला आणि खिडकीपाशी परत आला.

"पुढच्या वेळी बोलत जा," तो म्हणाला.

"बोलले असते तर ऐकलं असतंस?"

मिस्त्रीने खरंच विचार केला. मागे रांगेतल्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, तरी तो हलला नाही.

"नसतं ऐकलं," तो म्हणाला. "तरी बोलत जा."